काळ्या पाइनची बळीची फांदी दोन मीटर, खोड मात्र बोटाएवढंच: काय काय तपासायचं

"ताई, फांदी माझ्या डोक्याच्या वर गेली, पण खोड काही जाड होईना." असा निरोप मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. सोबत फोटो: बाल्कनी, प्लॅस्टिकच्या चाळणीत लावलेला काळा पाइन, म्हणजे जपान्यांचा कुरोमात्सु, आणि त्यातून बाहेर निघालेली एक लांबलचक काठी. कधी टोक्योहून, कधी न्यू जर्सीहून, कधी पुण्याहून. झाडं वेगळी, दुखणं बहुतेक वेळा एकच. मी जपानात, टोक्योला लागून असलेल्या साइतामात राहते. २०१२ च्या वसंतात पेरलेल्या बियांची अकरा झाडं मागच्या अंगणात अजून आहेत, आणि खाली लिहिलेली जवळपास प्रत्येक चूक मी आधी त्यांच्यावर करून बसले आहे.

नवख्यांसाठी थोडक्यात. बोन्साय घडवताना खोड जाड व्हावं म्हणून एखादी फांदी मुद्दाम न छाटता मोकाट वाढू द्यायची आणि काम झालं की कापून टाकायची, ती बळीची फांदी. जपानीतही तिला 'गिसेइ-एदा' म्हणजे तेच म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव 'बोकड'. माझं माहेर माणदेशातलं. जत्रेसाठी राखलेल्या बोकडाला घरच्यांपेक्षा चांगलं खायला मिळतं, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारींत या बोकडाला उपाशी ठेवलेलं असतं.

आधी लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते ओळखा. एकापेक्षा जास्तही असतील.

- फांदी लांब होते आहे, पण खोडाचा घेर दोन वर्षांत जाणवण्याइतका बदललेला नाही.
- खोड जाड झालं, पण भलत्याच जागी. मधल्या गाठीपाशी सापाने बेडूक गिळल्यासारखा फुगवटा, आणि त्याखाली बुंधा बारीकच.
- खोड वरपासून खालपर्यंत एकसारखं जाड, विजेच्या खांबासारखं. निमुळतेपणा नाही.
- बळीची फांदी जोरात, पण खालच्या ज्या फांद्या आपल्याला ठेवायच्या आहेत त्यांच्या सुया आखूड, पिवळट, किंवा त्या फांद्याच वाळून चालल्या आहेत.
- फांदी कापली, त्याला दोन वर्षं झाली, तरी जखम भरत नाही. राळ गळते, बाजूची साल मरत जाते.

आता तपासण्या. क्रम पैशाचा आणि धोक्याचा आहे. आधी फुकटच्या, मग कात्रीच्या, सगळ्यात शेवटी मुळांच्या. लोक नेमकं उलट करतात. खोड वाढेना म्हटलं की पहिल्यांदा कुंडी बदलतात आणि आणखी एक वर्ष घालवतात.

पाइन आहे ना?

हसू नका. महाराष्ट्रातल्या नर्सरीत 'पाइन' म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा ख्रिसमस ट्री म्हणून विकलं जाणारं अरोकेरिया असतं, नाहीतर आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू. दोन्ही पाइन नव्हेत. सुरूचा बोन्साय उत्तम होतो, पण तो जुन्या लाकडातूनही फुटतो, त्यामुळे खालचे अर्धे नियम त्याला लागू नाहीत. खरा पाइन ओळखायचा तो सुयांच्या जुडग्यावरून. एक जुडगं उपटा आणि मोजा. दोन सुया असतील तर काळा पाइन असू शकतो, हिमालयातल्या चीडला तीन, आणि जपानी गोयोमात्सुला पाच. गोयोमात्सु मुळातच सावकाश वाढतो, त्याच्याकडून काळ्या पाइनच्या वेगाची अपेक्षा ठेवून रुसू नका.

खरंच वाढत नाही, की मोजलंच नाही?

रोज पाहिलेलं मूल वाढताना दिसत नाही, तसंच हे. मातीपासून दोन बोटं वर सालीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि त्याच जागी दरवर्षी नोव्हेंबरात, वाढ थांबल्यावर, व्हर्नियर कॅलिपरने माप घ्या. कॅलिपर नसेल तर दोरा गुंडाळून पट्टीवर धरा. माझ्या वहीत तिसऱ्या नंबरच्या झाडासमोर २०१७ ला १९ मिलिमीटर आणि २०१८ ला २५ मिलिमीटर लिहिलेलं आहे. मध्ये मी स्वतःच म्हणत होते की हे झाड मठ्ठ आहे. ऋतूच्या मध्यावर मोजून निराश होण्यात अर्थ नाही. काळा पाइन वसंतात लांबी धरतो, आणि खोडाची बरीचशी भर उन्हाळ्याच्या शेवटापासून शरदापर्यंत पडते.

ऊन

बाल्कनीवाल्यांचं दुखणं इथेच असतं. पाइनला थेट ऊन लागतं, निदान सहा तास. काचेतून आलेलं किंवा समोरच्या इमारतीवरून परतलेलं ऊन धरायचं नाही. रविवारी दर दोन तासांनी झाडाचा फोटो काढा, उत्तर मिळेल. ऊन कमी पडलं तरी फांदी लांबच होते, किंबहुना जास्तच लांबुळकी होते, म्हणून माणूस फसतो. लांबी आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुयांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं, आणि जाताना वाटेतल्या खोडावर लाकडाचा नवा थर चढतो. अन्नच कमी बनलं तर थरही पातळ.

याच वाक्यात पुढच्या सगळ्या तपासण्यांचं कारण आहे: फांदी जिथून निघते तिथपासून मुळांपर्यंतचं खोड जाड होतं, त्याच्या वरचं नाही.

झाड हलतंय का?

बुंधा दोन बोटांत धरून हलकेच हलवा. कुंडीच्या मातीत तो डुलला तर कारण सापडलं. दोन मीटरची फांदी म्हणजे शिडाची काठी. सप्टेंबरच्या वादळांत ती वारा धरते, चाळण कलंडते, आणि कलंडली नाही तरी आतली कोवळी मुळं रोज तुटत राहतात. झाडाची ताकद मुळं पुन्हा करण्यात जाते. चाळण फळीला तारेने बांधा, फांदीला काठीचा आधार द्या. खर्च जवळपास शून्य. २०१९ च्या ऑक्टोबरातल्या हागिबिस वादळाच्या आदल्या दिवशी मी सगळ्या चाळण्या आडव्या करून भिंतीला लावल्या. एक विसरले. ती दोन घरं पलीकडे सापडली.

बोकडाची शेंडी खुडलीत का?

आता मूळ मुद्द्यावर. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर इथे सापडतं.

काळ्या पाइनला वसंतात मेणबत्तीसारखे कोंब येतात. जून-जुलैत ते कोंब मुळाशी कापले की त्याच वर्षी दुसरी, आखूड सुयांची फूट येते. याला 'मेकिरि' म्हणतात, आणि तयार बोन्सायला त्याने नाजूक रूप येतं. लोक व्हिडिओ पाहतात आणि साऱ्या झाडाचे कोंब कापतात, बळीच्या फांदीचेही. का, तर ती फार अस्ताव्यस्त दिसते म्हणून. अहो, ती अस्ताव्यस्तच दिसायला हवी! कोंब कापणं म्हणजे झाडाचा वेग रोखणं. दरवर्षी वेग रोखायचा आणि दरवर्षी विचारायचं की जाड का होत नाही.

साइतामातल्या ओमियाच्या बोन्साय गावात कुंडीतली देखणी, तयार झाडं पाहून आपण घरी येतो. १९२३ च्या भूकंपानंतर टोक्योतले बोन्सायवाले तिकडे सरकले, १९२५ मध्ये ते गाव वसलं, आणि आज तिथे संग्रहालयही आहे. पण तिथे झाडाची कुरूप वर्षं दिसत नाहीत. ती पाहायची तर शिकोकू बेटावर ताकामात्सुजवळच्या किनाशीला जावं. जपानातल्या पाइन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के त्या भागातून येतात. तिथे शेतात, सरीवर लावलेल्या मिरचीसारख्या पाइनच्या ओळी असतात. बुंधे वळलेले, जाड, आणि त्यांच्या डोक्यावर विस्कटलेल्या, न छाटलेल्या फांद्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मालक गावाला गेलाय.

तपासायचं कसं: फांदीवर वर्षावर्षाच्या गाठी दिसतात. प्रत्येक दोन गाठींमधलं अंतर मोजा. बोकड मोकाट असेल तर ते वीत-दीड वीत भरतं. चार बोटांवर असेल, तर कात्री लागली आहे किंवा ऊन-खत कमी पडलं आहे. उपाय एवढाच की यंदा शेंड्याला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षीही नाही. ठेवायच्या फांद्यांवर मेकिरि चालेल, तेही त्या धडधाकट असतील तरच.

फांदी कुठून निघाली आहे?

बुंध्यापासून बोट वर नेत जा, बळीच्या फांदीच्या जोडापाशी थांबा. जेवढं अंतर बोटाने कापलं, तेवढंच जाड होणार. खोडाचा शेंडाच बळी म्हणून सोडला असेल तर सगळं खोड सारखं जाड होतं, आणि विजेचा खांब तयार होतो. बुंधा रुंद आणि वर निमुळता हवा असेल तर पहिला बोकड अगदी खाली, मातीपासून चार-पाच बोटांवर हवा. तो गेला की दुसरा त्याच्या जरा वर. माझ्या चांगल्या झाडांवर असे तीन-तीन बोकड एकामागून एक येऊन गेले आहेत.

आणि फांदी मागच्या बाजूला आहे का, हेही आत्ताच बघून घ्या. जखम पुढे आली तर आयुष्यभर लोकांना झाडाची उजवी बाजू दाखवत बसावं लागतं.

गाठीपाशी किती फांद्या?

इथून पुढे कात्री. पाइन एका गाठीतून छत्रीच्या काड्यांसारख्या चार-पाच फांद्या काढतो. सगळ्या ठेवल्या की सगळ्यांचं अन्न त्याच जोडापाशी येऊन उतरतं आणि तिथे फुगवटा धरतो. एका गाठीवर दोनच ठेवा. एक पुढे जाणारी, एक बाजूची. हे काम पहिल्या-दुसऱ्या वर्षी केलं तर नखाएवढी जखम होते. मी पाचव्या वर्षी केलं. त्या झाडाला मुलगी अजून अजगर म्हणते.

फुगवटा आधीच आला असेल तर तो कापून जात नाही. त्याच्या खालून निघणारी फांदी बळी म्हणून सोडायची, म्हणजे खालचा बुंधा भरून फुगवट्याच्या बरोबरीला येतो. खाली फांदीच नसेल तर शेवटचा भाग वाचा.

खालच्या फांद्या सावलीत आहेत का?

माझ्या मते ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे, कारण इथली चूक परत फिरवता येत नाही. पाइन जिथे हिरव्या सुया आहेत तिथूनच नव्याने फुटतो. सुया गळून उघड्या पडलेल्या जुन्या लाकडातून फूट येईल अशी आशा ठेवू नये. वड किंवा जास्वंद कुठूनही छाटली तरी फुटते, त्या सवयीने आपण पाइनकडे बघतो आणि गोत्यात येतो. म्हणजे बोकडाच्या सावलीत ठेवायची फांदी मेली, तर तुमच्याकडे उरतो एक जाडजूड सोटा.

नोव्हेंबर ते जानेवारीत बळीच्या फांदीवरच्या जुन्या सुया काढायच्या. चिमटीत धरून, वाढीच्या दिशेने ओढून. शेंड्याकडचा यंदाचा झुपका तेवढा राहू द्यायचा. फांदी दिसते गाढवाच्या शेपटीसारखी, वर गोंडा आणि खाली नागडी, पण खालपर्यंत ऊन पोहोचतं. ती फांदी पुढे कापायचीच आहे, त्यामुळे उघडी पडली तरी बिघडत नाही. शिवाय तार घालून तिला बाहेरच्या बाजूला झुकवा. ठेवायच्या फांद्यांची मात्र एक सुईही काढू नका.

उत्साहात शेंड्याचा गोंडाही विरळ करणारे भेटतात. तो सुयांचा गोंडाच अन्न करतो. त्याला हात नाही लावायचा.

पेंड आणि पाणी

'पाइनला पाणी-खत कमी लागतं' हे तयार, म्हाताऱ्या झाडाबद्दल खरं आहे. वाढीच्या झाडाला दोन्ही भरपूर लागतं. इथे 'आबुराकासु' म्हणजे तेलबियांच्या पेंडीच्या वड्या मिळतात. मार्च ते नोव्हेंबर मी त्या चाळणीच्या कडेने ठेवते आणि महिना-दीड महिन्याने बदलते. पुण्यातल्यांनी भुईमुगाची किंवा मोहरीची पेंड कुजवून वापरावी. कच्ची पेंड थेट मुळाशी घालू नये, कुजताना ती गरम होते आणि मुळं भाजतात. वासाबद्दल शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. चाळणीतली माती झपाट्याने सुकते, ऑगस्टमध्ये मला दिवसातून दोनदा पाणी घालावं लागतं.

शेवटी मुळं

वरचं सगळं ठीक असेल तरच इकडे या. एक मगभर पाणी मातीवर ओता आणि दहा आकडे मोजा. तेवढ्यात पाणी उतरलं नाही तर मातीचा चिखल झाला आहे. आकादामा, म्हणजे बोन्सायला वापरतात ती जपानी दाणेदार माती, दोन-तीन हिवाळ्यांच्या गोठण्या-वितळण्यात फुटून बारीक होते, मग मुळांना हवा मिळत नाही.

माती बदलायची ती कळ्या फुगताना, साइतामात मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलची सुरुवात. निम्मी माती काढा, निम्मी जुनी राहू द्या. मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर धुऊ नका, ती पाइनची सोबतीण आहे, मुळांना पाणी-खनिजं पुरवते. चाळणीत लावल्याचा फायदा असा की मुळाचं टोक भोकातून बाहेर येतं, हवेत वाळतं आणि मागून नवी मुळं फुटतात. वेग हवा असेल तर चाळण मोठ्या चाळणीत किंवा जमिनीत अर्धी पुरा, मुळं बाहेर पळतील आणि खोड भराभर भरेल.

एक पथ्य: ज्या वर्षी मुळं कापली त्या वर्षी मोठी फांदी कापायची नाही, आणि उलटही नाही.

कापताना होणारा घोळ

जखम न भरण्याची तक्रार बहुधा घाईतून येते. फांदी हिवाळ्यात कापावी, तेव्हा राळ कमी गळते. मोठी असेल तर दोन हिवाळ्यांत. पहिल्या वर्षी निम्मी, म्हणजे मुळांचा पुरवठा एकदम तुटत नाही. दुसऱ्या वर्षी दोन बोटांचा खुंट ठेवून बाकीची. तो खुंट वाळला की मगच कॉनकेव्ह कटरने, म्हणजे आत वळलेल्या पात्यांच्या बोन्साय-कात्रीने, जरा खोलगट कापायचा, कडा धारदार पात्याने साफ करायच्या आणि जखमेवर लावायची पेस्ट लावायची.

आणि त्या जखमेच्या वर एखादी छोटी फांदी आणखी दोन वर्षं मोकळी राहू द्या. जखम भरायला लागणारं अन्नही वरूनच येतं. सगळे बोकड एकाच दिवशी कापले तर जखम तशीच राहते. माझ्या पाचव्या झाडावरची रुपयाएवढी जखम चार वर्षं तशीच होती. वर एक फांदी सोडली आणि पुढच्या दोन वर्षांत कडा आत वळल्या.

इथे थांबा

उन्हाळ्यात किंवा शरदात सुया एकदम फिक्या, मग विटकरी होऊ लागल्या, आणि डहाळी कापल्यावर राळच आली नाही, तर वरचं काहीही करू नका. हिवाळ्यात राळ तशीही संथ असते, म्हणून ही खूण गरम दिवसांतच धरायची. हा पाइन विल्ट असू शकतो. सुतासारखा सूक्ष्म कृमी लाकडात शिरतो आणि पाण्याची वाट बंद करतो. त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो लांब मिशांचा भुंगेरा. लक्षणं दिसल्यावर झाड वाचत नाही, आणि वाळलेलं लाकूड अंगणात पडू दिलं तर भुंगेरा त्यातच अंडी घालतो. जपानात असाल तर 'जुमोकुई'ला, म्हणजे परीक्षा देऊन झालेल्या झाडांच्या डॉक्टरला बोलवा, विल्हेवाटीचं नगरपालिकेत विचारा. बाकीच्या झाडांना इंजेक्शन द्यायचं का, हेही त्यालाच ठरवू द्या.

थांबायची दुसरी वेळ म्हणजे फुगवट्याखाली फांदी नाही आणि कलम करावं लागणार. पाइनचं कलम मी सहा वेळा केलं, एक जगलं. तिसरं, जखम खोडाच्या निम्म्या रुंदीपेक्षा मोठी होणार असेल. चौथं, जमिनीतलं दहा-पंधरा वर्षांचं झाड उपटायचं असेल, तर आदल्या वर्षी मुळं कशी कापायची हे कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवायला हवं. आणि झाड तुमचं नसेल, कोणाच्या आजोबांनी दिलेलं असेल, तर पहिल्या कापालाच थांबा.

बोन्सायच्या बागा लोकांची झाडं दुरुस्तीला आणि सांभाळायला घेतात. आधी फोन करून पैशांचं विचारा, दर महिन्याला पडतात. झाड नेताना लाज वाटून बळीची फांदी कापून, नीटनेटकं करून नेऊ नका. मी नेलं होतं. बागेतल्या म्हाताऱ्या काकांनी ताजी जखम बघितली, चष्मा काढला आणि विचारलं, "इथे जी होती, ती केवढी होती?"